बीपीची गोळी आणि कॅल्शियमचा संबंध काय? हार्मोनच्या एका निरोपावर रक्तवाहिनी कशी आवळते

घरातल्या औषधांच्या डब्यात बीपीच्या गोळ्यांची एखादी पट्टी बहुतेक असतेच. आजोबांची, आईची, नाहीतर बाबांची. पट्टीवरचं ‘ॲम्लोडिपिन’ हे नाव मोबाईलवर शोधलं की ‘कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर’ असं उत्तर येतं. इथेच गोंधळ होतो. लहानपणापासून आपण ऐकतो की कॅल्शियम म्हणजे दूध, हाडं आणि दात. मग कॅल्शियमची वाट अडवणारी गोळी रोज कशासाठी घ्यायची? आणि तिचा बीपीशी काय संबंध?

मी हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही ते विचित्रच वाटलं होतं. याचं उत्तर हाडांत नाही, रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशींत आहे. तिथे कॅल्शियम म्हणजे एक निरोप असतो. हार्मोन बाहेरून इशारा देतं, पेशीच्या आत कॅल्शियम वाढतं आणि रक्तवाहिनी आवळते. ही साखळी एकदा समजली की बीपीच्या बऱ्याचशा गोळ्या कशा काम करतात ते कळतं. बीपी नॉर्मल आला म्हणून गोळी आपल्या मनाने का थांबवायची नाही, तेही कळतं. चला, एकेक कडी बघूया.

रक्तवाहिनी म्हणजे नुसता पाइप नाही

हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमन्या पुढे फुटत फुटत बारीक होतात. अगदी बारीक धमन्यांना धमनिका म्हणतात. यांच्या भिंतीत अनैच्छिक स्नायूंच्या पेशी असतात. शाळेत शिकलोय ते आठवत असेल: दोन्ही टोकांना निमुळत्या, मध्ये एकच केंद्रक आणि आपल्या हुकमात नसलेल्या. या पेशी धमनीभोवती आडव्या गुंडाळलेल्या असतात. त्या आकसल्या की धमनीचं तोंड अरुंद होतं, सैल पडल्या की रुंद होतं.

‘थोडंसं अरुंद’ झाल्याने काय फरक पडतो? खूप पडतो. बारीक नळीतून वाहणाऱ्या द्रवाला होणारा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. हा नियम १९व्या शतकातल्या फ्रेंच डॉक्टर प्वाझेच्या नावाने ओळखला जातो. त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा दुप्पट नाही, १६ पट होतो. नुसती १० टक्क्यांनी कमी झाली आणि दाब तेवढाच राहिला, तरी प्रवाह साधारण एक तृतीयांशाने घटतो. रक्त म्हणजे पाणी नव्हे, त्यामुळे शरीरात हे गणित तंतोतंत लागू होत नाही, पण अंदाज यायला पुरेसं आहे. शरीरभरच्या धमनिका एकाच वेळी किंचित आवळल्या तरी बीपी चढतो, तो यामुळेच.

निरोप पाठवतं कोण?

रक्तवाहिनीला ‘आवळ’ असं सांगणारे निरोपे अनेक आहेत. त्यातले तीन लक्षात ठेवा.

१. नॉरॲड्रेनलिन: हे मुख्यतः रक्तवाहिन्यांपर्यंत पोचलेल्या चेतातंतूंच्या टोकांतून सुटतं, थोडं अधिवृक्क ग्रंथीतूनही येतं. रात्री उशिरापर्यंत आडवं पडून रील्स बघता आणि झटकन उभे राहता, तेव्हा अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. मेंदूला ते लगेच कळतं आणि चेतातंतूंमार्फत नॉरॲड्रेनलिन सुटतं. काही सेकंदांत रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी सावरतो. यात जरा उशीर झाला की डोळ्यांपुढे अंधारी येते.

२. अँजिओटेन्सिन-२: बीपी किंवा शरीरातलं मीठ कमी झालं की मूत्रपिंड रेनिन नावाचं विकर सोडतं. यकृताने रक्तात सोडलेल्या एका मोठ्या प्रथिनातून रेनिन १० अमिनो आम्लांचा तुकडा कापतं. मग मुख्यतः फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत ‘एसीई’ नावाचं दुसरं विकर त्यातली दोन अमिनो आम्लं काढून टाकतं. उरलेला आठांचा तुकडा म्हणजे अँजिओटेन्सिन-२. रक्तात ते फार वेळ टिकत नाही, पण असतं तोवर रक्तवाहिनी जोरात आवळतं.

३. एंडोथेलिन-१: हे रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींतूनच निघतं. जपानमधल्या त्सुकुबा इथल्या संशोधकांनी ते १९८८ मध्ये शोधलं.

आता गंमत बघा. यातलं एकही हार्मोन आपलं काम करायला स्नायूपेशीच्या आत जात नाही.

पहिली कडी: मिस्ड कॉल

‘पोचलास की मिस्ड कॉल दे’ हे आठवतंय? समोरचा फोन उचलत नाही, बोलणं काहीच होत नाही, तरी निरोप पोचतो. इथेही तसंच होतं. पेशीच्या पटलावर रिसेप्टर, म्हणजे ग्राही प्रथिनं बसलेली असतात. अँजिओटेन्सिन-२ साठी एटी-१ रिसेप्टर, नॉरॲड्रेनलिनसाठी अल्फा-१ रिसेप्टर. हार्मोन बाहेरून रिसेप्टरला चिकटतं, रिसेप्टरचा आकार किंचित बदलतो आणि त्याचं आतलं टोक शेजारच्या ‘जी-प्रथिना’ला जागं करतं. हार्मोन नंतर सुटून जातं, पण आतलं काम सुरू झालेलं असतं.

कोणत्या रिसेप्टरला हात लागला, हे फार महत्त्वाचं आहे. ॲड्रेनलिन अल्फा-१ ला चिकटलं तर रक्तवाहिनी आवळते. तेच ॲड्रेनलिन हातापायांच्या स्नायूंकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत बीटा-२ रिसेप्टरला चिकटलं तर त्या सैल पडतात. हार्मोन एकच, घंटा वेगळी, परिणाम उलटा.

दुसरी कडी: आत पळणारा निरोप्या

जागं झालेलं जी-प्रथिन फॉस्फोलायपेज-सी या विकराला कामाला लावतं. हे विकर म्हणजे कात्री समजा. पेशीपटलात ‘पीआयपी-२’ नावाचा एक मेदासारखा रेणू असतो. कात्री त्याचे दोन तुकडे करते.

पहिला तुकडा म्हणजे आयपी-३. तो पाण्यात विरघळतो, म्हणून पटल सोडून पेशीद्रव्यात पसरतो. दुसरा डीएजी. तो पटलातच राहतो आणि तिथली दुसरी प्रथिनं चालू करतो.

जागा झालेला एक रिसेप्टर अनेक जी-प्रथिनं जागी करू शकतो आणि एक कात्री अनेक रेणू कापू शकते. त्यामुळे बाहेरचा इशारा अगदी हळू आवाजातला असला तरी आत तो मोठा होतो.

आयपी-३ मुळे पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटतं, हे १९८३ मध्ये स्वादुपिंडाच्या पेशींवरच्या प्रयोगात दिसलं. त्या कामात केंब्रिजचे मायकेल बेरिज सहभागी होते. पुढे रक्तवाहिनीच्या स्नायूंसह शरीरातल्या असंख्य पेशींत हीच युक्ती सापडली.

तिसरी कडी: धरणाचे दरवाजे उघडतात

ही या लेखातली सगळ्यात महत्त्वाची कडी आहे. पेशीबाहेरच्या द्रवात मोकळं कॅल्शियम लिटरमागे साधारण १ मिलिमोल असतं. शांत असलेल्या पेशीच्या आत ते त्याच्या सुमारे १०,००० पट कमी असतं. पेशी इतकं कॅल्शियम बाहेर का काढत बसते? एक कारण असं की कॅल्शियमची फॉस्फेटशी गाठ पडली की साका बसतो आणि पेशीचा ऊर्जेचा सगळा व्यवहार फॉस्फेटवर चालतो. म्हणून पेशीतले पंप रात्रंदिवस कॅल्शियम बाहेर फेकतात, नाहीतर आंतरद्रव्यजालिकेत भरून ठेवतात.

म्हणजे पेशीच्या दोन्ही बाजूंना भरलेली धरणं आहेत, एक बाहेर आणि एक आत. मध्ये जवळजवळ कोरडी जमीन. अशा ठिकाणी दरवाजा क्षणभर जरी उघडला तरी लगेच फरक जाणवतो. म्हणून तर कॅल्शियम निरोपासाठी इतकं सोयीचं!

आयपी-३ जालिकेवरच्या आपल्या रिसेप्टरला चिकटतो. हा रिसेप्टर स्वतःच एक दरवाजा असतो. तो उघडला की आतल्या धरणातलं कॅल्शियम पेशीद्रव्यात येतं आणि काही सेकंदांतच तिथलं प्रमाण पाच ते दहा पट होऊ शकतं.

पण आतला साठा छोटा असतो. निरोप चालू ठेवायचा तर बाहेरून कॅल्शियम यायला हवं. त्यासाठी दोन मोठ्या वाटा आहेत.

• साठा रिकामा होतोय हे जालिकेतलं स्टिम-१ हे प्रथिन ओळखतं आणि पेशीपटलावरचा ओराय-१ हा दरवाजा उघडतं.
• हार्मोनच्या परिणामाने पेशीपटलावरचा विद्युतभार बदलतो आणि ‘एल-टाइप’ कॅल्शियम चॅनेल उघडतात. ॲम्लोडिपिन अडवते ती हीच वाट.

चौथी कडी: आकुंचन

आलेलं कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला चिकटतं. एका कॅल्मोड्युलिनवर कॅल्शियमचे चार आयन बसतात. ही जोडी मायोसिन लाइट चेन कायनेज या विकराला चालू करते. ते मायोसिनवर फॉस्फेटचा एक गट चिकटवतं आणि मग मायोसिन ॲक्टिनच्या दोऱ्या ओढू लागतं. पेशी आकसते, धमनी आवळते.

फॉस्फेट काढून टाकणारं उलट्या कामाचं विकरही तिथेच असतं. कित्येक हार्मोन्स रो-कायनेज नावाच्या वेगळ्या मार्गाने त्या विकरालाच थोपवून धरतात. त्यामुळे कॅल्शियम थोडं उतरलं तरी आवळ टिकून राहते. म्हणजे हार्मोन ॲक्सिलरेटर तर दाबतंच, शिवाय ब्रेकवरचा पायही काढून घेतं.

कॅल्शियम नुसतं वाढत नाही, ते लाटांनी येतं

जिवंत पेशीतलं कॅल्शियम डोळ्यांनी बघता येतं का? येतं. कॅल्शियम चिकटलं की ज्यांचा प्रकाश बदलतो असे रंग पेशीत भरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. यातला खूप गाजलेला फ्युरा-२ हा रंग रॉजर त्सियेन यांच्या गटाने १९८५ मध्ये जाहीर केला. हेच त्सियेन पुढे हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनावरच्या कामासाठी २००८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे मानकरी ठरले.

१९९४ मध्ये जपानी संशोधक मासामित्सु ईनो आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या शेपटीच्या धमनीतल्या एकेका पेशीकडे असंच पाहिलं. चेतातंतूंना चेतवल्यावर पेशीत कॅल्शियम सरळ वाढून थांबत नव्हतं. पेशीच्या एका भागातून दुसऱ्या भागाकडे लाट जात होती, आणि लाटेमागून लाट येत होती. कारण असं की थोडं कॅल्शियम मिळालं की आयपी-३ चा दरवाजा आणखी उघडतो आणि फार झालं की मिटतो. उघड, मीट, पुन्हा उघड. फोन सलग एकदा वाजणं आणि ठरावीक अंतराने थरथरणं यात जो फरक, तसाच हा. नुसतं किती कॅल्शियम आलं याला अर्थ नाही. किती वेळा आणि कुठे आलं, यातही निरोप असतो.

‘कुठे’ याचं सगळ्यात भारी उदाहरण १९९५ चं आहे. अमेरिकेतल्या मार्क नेल्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पेशीपटलाच्या अगदी खाली कॅल्शियमच्या छोट्या ठिणग्या उडतात. त्या शेजारचे पोटॅशियमचे दरवाजे उघडतात, त्यामुळे पेशीचा विद्युतभार उलट दिशेने सरकतो, एल-टाइप चॅनेल मिटतात आणि रक्तवाहिनी सैल पडते. म्हणजे पेशीभर पसरलेलं कॅल्शियम आवळतं आणि कडेला क्षणभर उडालेली त्याचीच ठिणगी सैल करते.

निरोप थांबतो कसा?

हार्मोन सुटून गेलं की आयपी-३ तुटतो आणि दरवाजे मिटतात. पंप कॅल्शियम पुन्हा जालिकेत भरतात, उरलेलं पेशीबाहेर फेकतात. फॉस्फेट काढणारं विकर मायोसिनला मोकळं करतं.

शिवाय ‘सैल हो’ असं सांगणारा निरोप्याही आहे. रक्तवाहिनीच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू निघतो. तो शेजारच्या स्नायूपेशीत शिरतो आणि तिथलं कॅल्शियम उतरवायला मदत करतो. या शोधासाठी फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना १९९८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी याच मार्गाने काम करते.

आता पट्टीकडे परत बघूया

साखळी समजली, तर औषधं कुठे बसतात ते सोपं आहे.

• रॅमिप्रिल, एनालाप्रिल: एसीई विकर अडवतात, त्यामुळे अँजिओटेन्सिन-२ कमी तयार होतं. या कुळातली पहिली गोळी कॅप्टोप्रिल. तिच्या शोधाला ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषावरच्या अभ्यासातून दिशा मिळाली आणि १९८१ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली.
• टेल्मिसार्टन, लोसार्टन: हार्मोन तयार होतं, पण एटी-१ रिसेप्टरवर गोळी आधीच बसलेली असते. मिस्ड कॉल लागतच नाही.
• प्राझोसिन: अल्फा-१ रिसेप्टर अडवते. म्हणूनच ती घेणाऱ्यांना उभं राहताना चक्कर येऊ शकते. वर सांगितलेली सावरण्याची यंत्रणाच दुबळी झालेली असते.
• ॲम्लोडिपिन, निफेडिपिन: एल-टाइप चॅनेल अडवतात. हार्मोन येतं, रिसेप्टर जागा होतो, पण बाहेरच्या धरणाचा मोठा दरवाजा अर्धवटच उघडतो.

डॉक्टर कधीकधी दोन वेगळ्या गोळ्या का देतात, हेही इथे कळतं. एकच साखळी दोन ठिकाणी अडवली तर परिणाम जास्त मिळतो.

यातली एकही गोळी साखळी कायमची तोडत नाही. ती फक्त एका कडीवर हात धरून बसते. मूत्रपिंड, चेतातंतू आणि ग्रंथी निरोप पाठवतच असतात. म्हणून ‘आता बीपी १२०-८० येतोय, गोळी कशाला?’ असं घरी कुणी म्हणालं तर त्यांना एवढंच सांगा: तो आकडा गोळीसकट आलेला आहे. हात काढला की निरोप पुन्हा पोचायला लागतो आणि बीपी चढत असताना बहुतेकदा काहीच जाणवत नाही. गोळी कमी करायची किंवा बदलायची असेल तर ते डॉक्टरच ठरवतील.

नेहमी पडणारे प्रश्न

दूध प्यायल्याने किंवा कॅल्शियमच्या गोळीने रक्तवाहिन्या आवळतात का?
नाही. रक्तातलं कॅल्शियम शरीर पॅराथायरॉइड हार्मोन आणि ड जीवनसत्त्वाच्या मदतीने अगदी काटेकोर सांभाळतं. आवळ ठरते ती दरवाजे उघडण्यावर. धरणात दोन बादल्या जास्त आहेत की कमी, यावर नाही.

ॲम्लोडिपिनने हाडं ठिसूळ होतात का?
ती हाडांतलं कॅल्शियम काढत नाही. ती स्नायूपेशीचा एक दरवाजा अडवते, बस. मात्र तिच्यामुळे काहींचे घोटे सुजतात. धमनिका रुंद झाल्याने पुढच्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपतं. असं दिसलं तर गोळी बंद न करता डॉक्टरांना दाखवा.

सर्दीच्या गोळीचा याच्याशी काही संबंध आहे का?
आहे. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत फिनाइलेफ्रिन असतं. ते थेट अल्फा-१ रिसेप्टरला चिकटतं, म्हणजे वरची अख्खी साखळी सुरू करतं. नाकात टाकायचे झायलोमेटाझोलिनचे थेंबही अल्फा रिसेप्टरवरच काम करून नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतात. हे थेंब बरेच दिवस सलग टाकले तर ते बंद करताच नाक आणखी चोंदतं. घरात बीपीचा पेशंट असेल तर मेडिकलमधून सर्दीची गोळी आणताना ‘बीपी आहे, चालेल का?’ हे विचारायलाच हवं.

सिगारेटने काय होतं?
निकोटिनमुळे शरीरात ॲड्रेनलिन आणि नॉरॲड्रेनलिन जास्त सुटतं. पुढची साखळी आता तुम्हाला पाठ आहे.

मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी कळतो का?
कॅमेऱ्याला बोटातल्या रक्ताचा कमीजास्त होणारा रंग दिसतो. त्यावरून नाडीचे ठोके चांगले मोजता येतात. पण थंडीने बोटातल्या धमनिका आवळल्या तरी तो रंग बदलतो. त्यावरून काढलेल्या बीपीच्या आकड्यावर औषधाचा निर्णय घेऊ नका. त्यासाठी दंडाला पट्टा बांधून मोजणारं यंत्रच वापरा, आणि मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा.